सुहा, अल्कोर आणि अरुंधती

वाचकहो, एप्रिल-मे महिन्यांत रात्री नऊच्या सुमारास अंगणात उभे राहून उत्तरेकडे पाहा. सप्तर्षी उंच आलेले दिसतील. त्यांच्या शेपटीतील मधला तारा निरखून पाहिला, तर त्याला लगटून एक मंद ठिपका दिसेल. मोठा तो मिझार, लहान तो अल्कोर. आपल्याकडे त्यांनाच वसिष्ठ आणि अरुंधती म्हणतात.

ही नावे अरबी आहेत, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. परंतु जुन्या अरबांनी या ताऱ्यांना ही नावे दिलीच नव्हती, हे फारसे कोणी सांगत नाही.

अरबांच्या दृष्टीने चौकोनातील चार तारे म्हणजे जनाजा, 'नअश'. आणि शेपटीतील तीन तारे म्हणजे त्यामागून चाललेल्या मुली, 'बनात नअश'. मधल्या ताऱ्याचे नाव 'अनाक', म्हणजे शेळीचे करडू. जवळचा बारीक तारा 'सुहा', म्हणजे विसरला गेलेला. रय येथे जन्मलेल्या अब्दुल रहमान अल-सूफी (९०३–९८६) यांनी इ. स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांवरचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. सुहावर लोक आपली नजर पारखतात, ही नोंद त्यांनी केली आहे. 'मी तिला सुहा दाखवतो आणि ती मला चंद्र दाखवते' अशी अरबीत म्हणही आहे!

मग मिझार आला कोठून? लॅटिन ग्रंथांत या ताऱ्याला 'मिराक' म्हणत. पंडित स्कॅलिजर (१५४०–१६०९) याने ते दुरुस्त करण्याच्या भरात 'मिझार' केले. अरबीत 'मिअजर' म्हणजे कमरेचे वस्त्र. आपली 'विजार' ज्या 'इजार'वरून आली, तो शब्द याच धातूचा. युरोपीय चित्रात हा तारा अस्वलाच्या शेपटीवर पडतो. तेथे कमरेच्या वस्त्राचे काय काम, हे स्कॅलिजरच जाणे. अल्कोर हा 'अल-जौन' (काळा घोडा) याचा अपभ्रंश असावा असे अभ्यासक मानतात, आणि तेही मुळात शेजारच्या ताऱ्याचे नाव. नकलाकारांच्या हातून करडू हरवले आणि सुहा पुन्हा एकदा विसरला गेला.

दुर्बीण आल्यावर तर नवलच घडले. १६१७ मध्ये कास्तेली या गॅलिलिओच्या शिष्याला मिझार हा एकटाच जोडतारा असल्याचे दिसले. १८८९ मध्ये पिकरिंग यांनी वर्णपटावरून त्यांपैकी तेजस्वी ताराही दुहेरी असल्याचे दाखविले. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अल्कोरलाही एक क्षीण सोबती सापडला. नुसत्या डोळ्यांना दोन दिसतात ते प्रत्यक्षात सहा आहेत, आपल्यापासून सुमारे ८० प्रकाशवर्षे दूर.

बनात नअश हे नाव उर्दू वाचणाऱ्या घरांना आणखी एका कारणाने परिचित असेल. डेप्युटी नजीर अहमद यांनी 'मिरातुल उरूस' (१८६९) नंतर लिहिलेल्या कादंबरीचे नाव 'बनातुन्नअश' हेच आहे. श्रीमंत घरातील लाडावलेली हुस्न आरा असगरीच्या शाळेत येते आणि भूगोल-विज्ञान शिकते, अशी तिची कथा. मुलींनी लिहावे की नाही यावरच घराघरांत वाद होता, त्या काळातील ही गोष्ट!

पालकांनो, मुलीला अरुंधती दाखविताना एक जुनी युक्ती वापरा. संस्कृतात तिला 'स्थूलारुंधती न्याय' म्हणतात. आधी शेजारचा ठळक तारा दाखवायचा, नजर तेथे स्थिरावली की मग बारीक. आणि तिला सुहा तुमच्या आधी दिसला, तर एकदा चष्म्याचा नंबर तपासून घ्या.