दारूगोळ्याच्या भूमीवर पुन्हां गवत

लढाई संपली म्हणजे तोफा थंडावतात, तहावर सह्या होतात आणि इतिहासकार आपलें प्रकरण पुरें करतो. परंतु ज्या मातीवर त्या तोफांचा दारूगोळा तयार झाला, तिचें प्रकरण तेवढ्यानें संपत नाहीं. अमेरिकेच्या इलिनॉय संस्थानांत जोलिएट शहराजवळ असलेल्या कारखान्याची हकीकत या दृष्टीनें मननीय आहे.

शिकागोच्या नैर्ऋत्येस सुमारें ४० मैलांवरचा हा प्रदेश मूळचा प्रेअरीचा, म्हणजे पुरुषभर उंच गवताच्या माळरानाचा. एके काळीं त्या संस्थानांत असें गवत सुमारें २ कोटि २० लक्ष एकरांवर डोलत होतें. तेथील पोटावाटोमी लोकांस १८३३ च्या शिकागोच्या तहानंतर पश्चिमेस हलविण्यांत आलें. पुढें १८३७ सालीं जॉन डीअर नांवाच्या लोहारानें पोलादी नांगर घडविला. तेथली चिकट काळी माती त्याच्या फाळास धरून राहीना. मग बघतां बघतां माळाचें शेत झालें, आणि आज मूळ गवताचा हजारावा हिस्साही शिल्लक नाहीं.

१९४० सालीं युद्धाचें सावट पडतांच सैन्यानें शेतकऱ्यांची सुमारें ३६ हजार एकर जमीन घेऊन तेथें दोन कारखाने उभारले. एकांत स्फोटक द्रव्य तयार करावें, दुसऱ्यांत तें बाँब, तोफगोळे आणि सुरुंग यांत भरावें, अशी कामाची वांटणी होती. ऐन युद्धांत येथें १० हजारांहून अधिक स्त्रीपुरुष राबत होते. टी.एन्.टी. हें स्फोटक द्रव्य त्या कालांत येथें एक अब्ज पौंडांहून जास्त निघालें. ५ जून १९४२ रोजीं उत्तररात्रीं भरणीच्या कारखान्यांत स्फोट झाला आणि ४८ कामगार प्राणांस मुकले. रणभूमि हजारों मैल दूर असतां हे बळी घरच्या अंगणांत पडले.

१९४५ सालीं दोन्ही कारखाने एक झाले. कोरिया आणि व्हिएतनाम येथील युद्धांच्या वेळीं भट्ट्या पुन्हां पेटल्या, आणि टी.एन्.टी.ची निर्मिति १९७६ सालीं थांबली. कामगार गेले, रूळ गंजले. परंतु जें जमिनींत मुरलें होतें तें तेथेंच राहिलें.

टोल्यूइन या द्रवावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली म्हणजे टी.एन्.टी. बनतें. तें शुद्ध करतांना निघणारें पाणी तांबडें असतें. गोळे भरण्याच्या इमारती धुतल्या कीं वाहणारें पाणी गुलाबी दिसतें. डोळ्यांस हे रंग साजरे दिसले, तरी पाणी विषारी असतें. असें सांडपाणी खड्ड्यांत व ओढ्यांत गेलें, निरुपयोगी द्रव्यें उघड्यावर जाळलीं गेलीं, आणि स्फोटकांबरोबर शिशासारख्या धातूंनींही माती भरली. जमिनीखालचें पाणीही त्यांतून सुटलें नाहीं. १९८० सालीं अमेरिकेनें विषारी जागांच्या सफाईचा कायदा केला. त्यान्वयें या भूमीचा एक भाग १९८७ सालीं व दुसरा १९८९ सालीं अत्यंत दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादींत चढला.

जमिनीचें पुढें करावयाचें काय, याचा निर्णय १९९६ च्या फेब्रुवारींत अध्यक्ष क्लिंटन यांनीं सही केलेल्या कायद्यानें लागला. सुमारें १९ हजार एकर जमीन वनखात्याकडे देऊन तेथें मूळचें माळरान पुन्हां उगवावें, ९८२ एकरांत सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमि व्हावी, सुमारें ३ हजार एकर उद्योगधंद्यांस आणि ४५५ एकर जिल्ह्याच्या कचऱ्यास द्यावी, असें ठरलें. रानास ‘मिडेविन’ हें पोटावाटोमी भाषेंतील नांव मिळालें. तें त्या लोकांच्या वैद्यमंडळाचें नांव असून त्यांत व्याधि बरी करण्याचा भाव आहे.

ही व्याधि बरी करण्याचा उपाय मोठा घरगुती निघाला. माती भट्टींत भाजली तर विष जळतें. पण खर्च अफाट येतो आणि मातीचा जीवही जातो. म्हणून १९९८ सालीं कंपोस्टचा मार्ग पत्करला गेला. दूषित माती खणून काढावी, तींत शेणखत व काडीकचरा मिसळावा, छपराखालीं लांबट ढीग रचावे, ते वरचेवर उलथावे आणि ओलावा राखावा. ढीग आंतून तापतो आणि त्यांतील सूक्ष्म जंतु टी.एन्.टी.चे रेणु मोडून टाकतात. आपल्याकडील शेतकऱ्यास ही क्रिया शिकवावी लागणार नाहीं. खताच्या खड्ड्यांत ती रोजच चालू असते. शिशास मात्र जंतूंचा उपाय चालत नाहीं. तशी माती उचलून बंदिस्त भरावांत पुरावी लागली.

मातीचें हें काम २००८ सालीं पुरें झालें. महायुद्धाच्या पांच वर्षांत जें सांडलें, त्यांत पुढील युद्धांची भर पडली. आणि यादींत नांव चढल्यापासून माती निवळेपर्यंत २१ वर्षें गेलीं. शिवाय भूजलाचा हिशेब त्यांत धरलेला नाहीं. तें आपल्या संथ गतीनें निवळावें म्हणून त्यावर दीर्घकाल पहारा ठेवण्याची आणि त्याच्या वापरास बंदी करण्याची व्यवस्था करावी लागली.

दारूगोळा सांठविण्यासाठीं मातीचे ढिगारे घालून झांकलेलीं ३९२ कोठारें येथें होतीं. तीं एकेक करून पाडावीं, निचऱ्याच्या जुन्या नळ्या उपटाव्या आणि स्थानिक गवतांचें बीं पेरावें, असा क्रम सुरू झाला. २०१५ सालीं २७ अमेरिकन रानगवे या माळावर सोडण्यांत आले. नांगर आणि तोफ या दोहोंनीं हिरावलेलें रान कांहीं अंशीं परत आलें. शेजारच्या दफनभूमींत सैनिक विसावले आहेत.

परंतु ‘बरें करणें’ आणि ‘बरें होणें’ यांत अंतर आहे. मूळ रान हजारों वर्षांत घडलें होतें. पेरलेल्या गवतास त्याची सर लवकर येणार नाहीं. तोफगोळ्याची किंमत कारखान्याच्या चोपडींत लिहिली जाते, तेव्हां ती अर्धीच लिहिलेली असते. उरलेली अर्धी मातीच्या खातीं पडते, आणि ती फेडण्याचें काम पुढच्या पिढ्यांकडे येतें. जोलिएटच्या लोकांनीं तें कर्ज निदान मान्य केलें आणि फेडावयास घेतलें, हें त्या भूमीच्या इतिहासांतील लहान पण चांगलें पान आहे.