मनोधैर्य : व्यक्तीचे आणि समूहाचे (मराठ्यांच्या इतिहासातील दोन प्रसंगांच्या संदर्भात)

प्रस्तावना :

पराभवाची कारणमीमांसा करताना ‘सैन्याचे मनोधैर्य खचले’ हे विधान इतिहासलेखनात वारंवार येते. मात्र मनोधैर्य म्हणजे नेमके काय, याची चिकित्सा क्वचितच केली जाते. बहुधा हा शब्द शौर्याच्याच अर्थाने वापरला जातो. वस्तुतः धैर्य हा व्यक्तीचा गुण असून तो एकट्यालाही दाखविता येतो. समूहाचे मनोधैर्य ही अशा धैर्याची बेरीज नव्हे. सहकारी जागा सोडणार नाहीत, नेता पडला तरी व्यवस्था चालू राहील, या विश्वासावर ते उभे असते. प्रस्तुत लेखात १७६१ चे पानिपत व १६८९ नंतरचा मराठ्यांचा संघर्ष यांच्या आधारे हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

पानिपत, १४ जानेवारी १७६१ :

रसद तुटल्यामुळे मराठ्यांच्या छावणीत उपासमार सुरू होती. सैन्याबरोबर बायकामुले व यात्रेकरूही होते. तरीही दुपारपर्यंत मराठ्यांनी निकराची झुंज दिली. इब्राहिमखान गारद्याने रोहिल्यांची फळी खिळखिळी केली. सदाशिवरावभाऊंच्या हल्ल्याने अफगाणांच्या मध्यभागातील अनेक सैनिक मागे पळू लागले. म्हणजेच त्या दिवशी अब्दालीच्या फौजेचेही मनोधैर्य डळमळले होते. परंतु आघाडीच्या मागे थांबलेल्या अब्दालीने पळणाऱ्यांना सक्तीने परत रणात पाठविले आणि राखीव दले पुढे आणली. याउलट विश्वासराव गोळी लागून पडताच भाऊ हत्तीवरून उतरले व घोड्यावर स्वार होऊन शत्रूच्या गर्दीत शिरले. व्यक्ती म्हणून ही कृती असामान्य धैर्याची होती. समूहाच्या दृष्टीने मात्र सेनापती दिसेनासा झाला आणि त्याची जागा घेणारी व्यवस्था नव्हती. थोड्याच वेळात फौजेची दाणादाण उडाली.

१६८९ नंतरचा संघर्ष :

मार्च १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी रायगड पडला आणि येसूबाई व बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाला मुकलेले राज्य कोसळेल, ही औरंगजेबाची अपेक्षा अवाजवी नव्हती. तथापि राजाराम महाराज रायगडाबाहेर पडून जिंजीस पोहोचले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांनी हुकूमतपन्हा या अधिकाराने सांभाळला. संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनी मोगली फौजांना स्वस्थता लाभू दिली नाही. सत्ता अनेक हातांत विभागलेली असल्याने एक केंद्र पडले तरी दुसरे उभे राहत होते. १६९८ मध्ये जिंजी पडली, १७०० मध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले. तरीही महाराणी ताराबाईंच्या नेतृत्वाखाली संघर्ष १७०७ पर्यंत, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत, अखंड राहिला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. एका दिवसाची मैदानी लढाई आणि दीर्घकालीन युद्ध यांची तुलना मर्यादेतच करता येते. शिवाय हा संघर्ष केवळ निष्ठेवर चालला नाही. वतने देण्याच्या धोरणाचाही त्यात वाटा होता. मनोधैर्याला भौतिक आधार लागतो, हे पानिपतावरील उपासमार आणि ही वतने, दोन्हींवरून दिसते.

समारोप :

पानिपतावर शौर्य कमी पडले नाही; शौर्याला धरून ठेवणारी रचना तुटली. त्यामुळे तेथील पराभवाचा दोष सैनिकांच्या मनोबलावर टाकणे अन्यायाचे ठरते. पानिपतावर जायबंदी झालेले महादजी शिंदे १७७१ मध्ये दिल्ली ताब्यात घेणाऱ्या मराठी फौजेत होते, ही बाबही बोलकी आहे. रणांगणावरील फौज विस्कळीत झाली, तरी तिच्यामागील समाज व सत्ता खचलेली नव्हती. म्हणून ‘मनोधैर्य खचले’ असे लिहिताना ते कोणाचे व कोणत्या आधाराच्या अभावी खचले, हे सांगणे इतिहासकाराचे कर्तव्य ठरते.