पाल-सरड्यांची घरगुती पैदास व अंडी-उबवण (वऱ्हाड)

काचपेटीत पाळलेल्या पाली-सरड्यांचे नर-मादी जुळवून अंडी मिळवणे आणि ती मादीपासून वेगळी काढून ठरावीक तापमानात व ओलाव्यात उबवणे, असा हा छंद. इथे मुख्यतः दोन जातींचा विचार केला आहे : अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या कोरड्या डोंगरांतली लेपर्ड गेको ही ठिपकेदार पाल आणि ऑस्ट्रेलियातला बिअर्डेड ड्रॅगन हा दाढीवाला सरडा. या छंदाची बहुतेक माहितीपुस्तके थंड देशांत लिहिली गेली, त्यामुळे त्यांत उबवण म्हणजे ऊब देणे, असे गृहीतच धरलेले असते. पेटी घ्या, खाली तापपट्टी लावा, पारा तिशीच्या आसपास आणा. अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तिथे ही कृती जशीच्या तशी केली, तर अंडी उबत नाहीत, उकडतात. वऱ्हाडात ही पैदास करायची तर वर्षातले निदान तीन महिने उबवणपेटी ही थंड पेटी असावी लागते, आणि पैदाशीचे वेळापत्रक पुस्तकावरून न ठरवता नक्षत्रांवरून ठरवावे लागते, असे या नोंदीचे म्हणणे आहे.

वऱ्हाडी घराला अंडी उबवणे नवे नाही. खुडूक कोंबडी, तिच्याखाली टोपलीत मांडलेली अंडी आणि एकविसावा दिवस हे गणित सगळ्यांना पाठ असते. अडचण अशी की पालीच्या अंड्याच्या बाबतीत हे ज्ञान उलटे अंगावर येते. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस अंश लागतात आणि ते दिवसातून अनेकदा फिरवावे लागते. न फिरवल्यास गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटून मरतो. पाल-सरड्याच्या अंड्यात गर्भाने वरच्या बाजूला पडद्याशी जोडलेले असणे हीच वाढीची रीत आहे. अंडे घातल्यावर पहिल्या दिवसानंतर ते उलटे केले, तर गर्भ बलकाखाली दबून गुदमरण्याचा धोका असतो. म्हणून अंडे जसे सापडले तसेच उचलायचे आणि वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने बारीक टिंब करायचे. ते टिंब अखेरपर्यंत वरच राहिले पाहिजे. कोंबड्यांच्या पिल्लांसाठी बाजारात मिळणारे उबवणयंत्र तर इथे कुचकामी, कारण त्याचे नेहमीचे तापमान या अंड्यांसाठी मारक आहे. कवचही निराळे असते. फोटोच्या चौकटीमागे किंवा विजेच्या मीटरच्या डब्यात घरची पाल जी दोन पांढरी अंडी चिकटवून ठेवते, ती चुन्यासारखी कडक असतात आणि कोरड्या जागीही टिकतात. लेपर्ड गेकोही एका खेपेला दोनच अंडी घालते, पण ती चामड्यासारखी मऊ असतात. भोवतालचे पाणी शोषून ती फुगतात आणि पाणी कमी पडले की त्यांना खळगा पडतो. खळगा वेळेवर दिसला तर किंचित ओल वाढवून अंडे वाचू शकते. बुरशी धरलेले पिवळे अंडे मात्र बहुधा मुळातच निर्बीज असते.

पारा किती महत्त्वाचा, हे पिल्लू जगते की मरते एवढ्यावर संपत नाही. १९६६ साली सेनेगलमधल्या डाकार इथे मादलेन शार्निए या संशोधिकेने आगामा सरड्याच्या अंड्यांवरून दाखवून दिले, की पिल्लू नर होणार की मादी हे उबवणीचे तापमान ठरवते. हा आगामा आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला. लेपर्ड गेकोत २६ अंशांना उबवलेली बहुतेक पिल्ले माद्या निघतात, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि पारा ३४-३५वर गेला की पुन्हा माद्या. बिअर्डेड ड्रॅगनमध्ये लिंग गुणसूत्रांनी ठरते; पण ३२ अंशांपलीकडे गुणसूत्राने नर असलेली पिल्लेही मादी होऊन बाहेर येतात, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडले. आपल्या साध्या सरड्यात तर भारतीय संशोधकांना २०१२ मध्ये चढत्या तापमानाबरोबर मादी-नर-मादी-नर असा चार टप्प्यांचा क्रम आढळला. टिनाच्या छपराखाली दुपार आणि पहाट यांत दहा अंशांचा फरक सहज पडतो. अशा खोलीत ठेवलेल्या डब्यातून काय निघेल, याचा अंदाज बांधणे म्हणजे मटका लावणे.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे : बाहेर बांधावर एवढे सरडे आहेत, ते याच उन्हात जगतात, मग त्यांच्या अंड्यांचे काही बिघडत नाही ते कसे? उत्तर असे, की सरडा या उन्हात जगत असला तरी त्याचे अंडे सहसा हे ऊन पाहतच नाही. वैशाख-ज्येष्ठात नर डोके लाल करून माना हलवताना दिसतात, पण मादी अंडी घालते ती मृगाच्या पावसाने जमीन भिजल्यावर, वीतभरापेक्षा कमी खोल खड्ड्यात, आणि माती लोटून खड्डा बुजवते. नवतपात भेगाळलेल्या काळ्या जमिनीत अंडे घातले तर ते सुकून जाईल. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी या सरड्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. बंदिस्त माद्यांना अंडी घालायला योग्य जागा मिळाली नाही, तर त्या अंडी पोटातच धरून ठेवतात आणि आतल्या गर्भांची वाढ एका टप्प्याला थांबून राहते, असे त्यांना दिसले. म्हणजे वाट पाहण्याची सोय मादीच्या शरीरातच आहे. या सोयीला काही मर्यादा मात्र आहे. पाळीव मादीला ओलसर वाळूचा किंवा कोकोपीटचा झाकणवाला डबा दिला नाही, तर अंडी पोटात अडकून ती दगावू शकते. नवख्या पाळणाऱ्याकडून होणारी ही सर्वांत महागडी चूक.

यावरून वऱ्हाडापुरते एक वेळापत्रक निघते. लेपर्ड गेकोची पैदास उन्हाळ्याकडे झुकलेली असते. हिवाळ्याचा गारवा संपला की माद्या तयार होतात, आणि जोडी लगेच लावली तर अंडी नेमकी एप्रिल-मेमध्ये हातात येतात. जोडी उशिरा लावून अंडी आषाढ-श्रावणावर न्यावीत हे शहाणपणाचे. तेव्हा खोलीचा पारा आपणहून २७ ते ३१ अंशांच्या दरम्यान रेंगाळतो आणि पेटीला करण्यासारखे फार थोडे उरते. ३२ अंशांच्या आसपास सहा-सात आठवड्यांत पिल्ले बाहेर पडतात, २६ अंशांना दोन महिन्यांहून अधिक लागतात. डिसेंबरच्या रात्रींना तापपट्टी लागते, तेवढ्यापुरते परदेशी पुस्तक खरे.

कूलर आहे की, असे कोणी म्हणेल. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मेच्या कोरड्या हवेत खरोखर काम करतो. ४४ अंशांची हवा तिशीच्या आत-बाहेर आणून सोडतो आणि ओलही देतो. पण कूलर खोली थंड करतो, तापमान स्थिर ठेवत नाही. वीज गेली की अर्ध्या तासात खोली पुन्हा तापते, आणि हवेत दमटपणा आला की कूलरचा जोरच संपतो. म्हणून कूलरच्या खोलीत, भिंतीपासून दूर, जाड थर्माकोलचा डबा ठेवावा. त्यात पाण्याने भरलेल्या दोन-चार बाटल्या ठेवल्या की पारा झपाट्याने चढत-उतरत नाही, आणि तापमान-नियंत्रक लावायचा तो तापपट्टीला नव्हे तर लहान थंडयंत्राला. धाब्याचे जुने मातीचे घर असेल तर माजघराचा कोपरा सिमेंटच्या स्लॅबखालच्या खोलीपेक्षा कधीही बरा. अंडी ठेवायला व्हर्मिक्युलाइट चांगले. त्यात पाणी मिसळायचे ते तोलून, जवळपास वजनास वजन. नदीची धुतलेली वाळू वापरली तर पाणी फारच कमी लागते. मूठ दाबल्यावर लाडू वळावा पण थेंब सुटू नये, ही ओळख पुरते. काळी माती अजिबात नको. ओली झाली की ती लोण्यासारखी लिंपते, अंड्याला हवा मिळत नाही, आणि वाळताना आकसून ती अंड्याला चिरडते. पेटी स्वयंपाकघरात ठेवू नये आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

या छंदाच्या बाजूने एक वजनदार युक्तिवाद केला जातो : घरी पैदास झाली की जंगलातले प्राणी पकडण्याची गरज उरत नाही. लेपर्ड गेकोपुरता तो बराच खरा आहे, कारण जगभर विकल्या जाणाऱ्या तिच्या रंगीत जाती पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मल्या आहेत. पण वऱ्हाडात त्याला एक अडचण आहे. याच पालीची सख्खी चुलतबहीण सातपुड्यात राहते. झीशान मिर्झा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये तिला ‘युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस’ हे नाव देऊन स्वतंत्र जात ठरवले, आणि धामणगाव ज्या जिल्ह्यात आहे त्याच्या उत्तरेला मेळघाट म्हणजे सातपुड्याच्याच रांगा. जंगलातली पाल आणि पेटीतली पाल यांतला फरक विकणाऱ्याला कळेलच असे नाही, आणि कळला तरी तो सांगेलच असे नाही. त्यामुळे कुठून आली याचे कागद नसलेली ठिपकेदार पाल घेऊच नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ‘प्राणी’ या शब्दात अंडीही धरतो, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे किंवा ती विस्कटणे याला शिकारीच्या व्याख्येत बसवतो. घोरपड तर अनुसूची १ मध्ये आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटीस करारातल्या परदेशी जातींची, उदाहरणार्थ हिरव्या इग्वानाची, नोंदणी बंधनकारक झाली. पेटीत पिल्ले जन्मली तर तीही कळवावी लागतात.

मग कोकण किनाऱ्यावरच्या वेळासला कासवांची अंडी माणसे उबवतात ती कशी, असा प्रश्न येतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांचे काम सुरू केले. तिथेही अंडी घरी नेली जात नाहीत. ती त्याच किनाऱ्यावरच्या कुंपणात, तेवढ्याच खोलीवर वाळूत पुरली जातात, वनविभागाच्या देखरेखीखाली, आणि पिल्ले त्याच समुद्रात सोडली जातात. वाळू, ऊन आणि पाऊस निसर्गाचेच राहतात. माणूस फक्त कोल्ह्या-कुत्र्यांना आणि अंडीचोरांना अडवतो. घरच्या थर्माकोलच्या डब्यात उबवलेले घोरपडीचे पिल्लू सोडायचे कुठे, कोणत्या कागदावर, याला उत्तर नाही.

हाच धडा शेतातही लागू : डवरणी करताना किंवा संत्र्याच्या आळ्यात खुरपे चालवताना मऊ पांढरी अंडी उघडी पडली, तर ती न फिरवता, वरची बाजू वर ठेवून, त्याच जागी तेवढ्याच मातीने झाकावीत आणि तेवढा तुकडा दोन महिने खुरपू नये.