कर्करोगाच्या उपचारांत अंगातून वाफा येणे : कारणे आणि उपाय

अचानक छाती, मान, चेहरा तापतो. दरदरून घाम फुटतो, छातीत धडधडते आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. याला अंगातून वाफा येणे किंवा हॉट फ्लॅशेस म्हणतात. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या अनेक महिलांना हा त्रास होतो. संकोचामुळे त्या बोलत नाहीत आणि काही जणी कंटाळून गोळीच बंद करतात. खरा धोका तिथे आहे.

कारण काय?
केमोथेरपीमुळे किंवा अंडाशय काढल्यामुळे पाळी अकाली थांबू शकते. टॅमॉक्सिफेन हे औषध इस्ट्रोजेनचा परिणाम रोखते, तर लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल इस्ट्रोजेनचे प्रमाण घटवतात. त्यामुळे शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र थोड्याशा उष्णतेनेही घाम आणते. प्रोस्टेट कर्करोगात हार्मोन उपचार घेणाऱ्या पुरुषांनाही हा त्रास होतो.

गोळी का सोडू नये?
या गोळ्या साधारण 5 वर्षे, काहींना 10 वर्षांपर्यंत दिल्या जातात. त्यांनी रोग उलटण्याचा धोका कमी होतो. त्रास असह्य झाला तर डॉक्टर औषध बदलून देऊ शकतात.

घरी काय करावे?
- सैल सुती कपडे घाला. उशाशी पाणी आणि पंखा ठेवा.
- तिखट, गरम चहा, दारू, तंबाखू यांनी त्रास वाढतो का, ते वहीत लिहून पाहा.
- वाफ येताच सावकाश, खोल श्वास घ्या.
- समुपदेशनातील वर्तनोपचारानेही त्रास सुसह्य होतो.

औषधे
व्हेनलाफॅक्सिन, गॅबापेंटिन, ऑक्सिब्युटिनिन यांचा उपयोग होतो. ही मुळात नैराश्य, फिट्स किंवा लघवीच्या तक्रारींवरची औषधे आहेत, म्हणून चिठ्ठीवर नाव पाहून घाबरू नका. मात्र पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करू शकतात. आधीपासून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. स्तनाच्या कर्करोगानंतर इस्ट्रोजेनच्या गोळ्या सहसा देत नाहीत. काढे किंवा सोयाच्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत.

ताबडतोब रुग्णालय कधी?
केमोथेरपी सुरू असताना 38 अंश सेल्सिअस (100.4 फॅरेनहाइट) किंवा अधिक ताप, एका पायाला सूज, दम लागणे ही लक्षणे वाफांची नाहीत. उशीर करू नका.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी रुग्ण महिलेला 'तब्येत कशी आहे?' एवढेच विचारून थांबू नये. 'गोळी रोज घेता ना? काही त्रास होतो का?' हेही विचारावे.