आधी कोण जाणार?

आजचा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. वसंतातल्या व्याख्यानाला माणूस येतो तो संतांविषयी, स्वराज्याविषयी, फार तर पंचवार्षिक योजनांविषयी चार गोष्टी ऐकावयास. आम्ही मात्र रस्त्याच्या अरुंद तोंडाविषयी बोलणार आहोत. महामार्गाचे काम निघते, दोन मार्गिकांपैकी एक बंद होते, आणि दोन रांगांना एकाच तोंडातून जावे लागते. अशा वेळी आधी कोणी जावे? प्रश्न एवढाच आहे. पण कसाऱ्यापासून वडप्यापर्यंतचा किंवा कल्याणपासून मुरबाडपर्यंतचा प्रवास ज्याने केला आहे, त्याला हा प्रश्न लहान वाटणार नाही. त्याने तेथे आपल्या आयुष्याचे कित्येक तास घालविलेले असतात.

या कोंडीचे कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते: आपल्या लोकांना शिस्त नाही, सौजन्य नाही. हे उत्तर आम्हाला पटत नाही. सौजन्य रक्तातून येत असते तर एकच माणूस एका ठिकाणी सौजन्याने आणि दुसऱ्या ठिकाणी दांडगाईने वागला नसता. अरुंद वाटेवरच्या वागणुकीला इतिहास आहे, आणि तो आपल्या या दोन तालुक्यांतूनच गेलेला आहे.

मुरबाड तालुक्याच्या टोकाला वैशाखऱ्याहून वर चढणारा नाणेघाट आहे. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी या वाटेने चढत असे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख तेथल्या लेण्यात आहे, आणि घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत असत असे परंपरा सांगते. त्या खिंडीत उभे राहून पाहावे म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. पाठीवर ओझे घेतलेले जनावर अशा वाटेवर सहज मागे फिरविता येत नाही. समोरासमोर गाठ पडली तर ज्याला थांबणे सोपे, त्यानेच थांबावे, एवढाच तोडगा तेथे चालतो.

गाडीवाटेवरही हीच रीत होती. भरली गाडी चाकोरीतून बाहेर काढणे म्हणजे बैलांच्या माना मोडणे. रिकामी गाडी सहज बाजूला होते. म्हणून रिकाम्याने भरल्याला वाट द्यावयाची. यात कोणाचा मोठेपणा नव्हता. आज भात भरून निघालेला उद्या रिकामा परतणार होता, आणि उद्याची वाट त्याला आजच द्यावी लागत होती. म्हशाच्या यात्रेला निघालेल्या गाड्या याच समजुतीवर चालत.

पुढे आगगाडी आली. १८५३ साली ती ठाण्यास पोहोचली, १८५५ साली वासिंदला, १८६१ च्या आरंभी कसाऱ्याला, आणि थळ घाट चढून १८६५ साली इगतपुरीला. घाटातला चढ दर सदतीस फुटांना एक फूट. म्हणून गाडीला मागून जादा इंजिन लावून ती वर ढकलावी लागते. एकाच रुळांवर दोन्ही बाजूंच्या गाड्या घेण्याचा प्रश्न रेल्वेपुढे जागोजागी उभा राहिला. तिने तो ड्रायव्हरच्या सौजन्यावर सोपविला नाही. एकेरी मार्गावर ज्याच्या हाती टोकन त्याची गाडी पुढे. टोकन हाती नसेल तर मेल असो वा मालगाडी, तिने उभे राहावे, असा नियम केला. हा नियम पाळणाऱ्या ड्रायव्हरला कोणी सज्जन म्हणत नाही, आणि थांबावे लागले म्हणून त्यालाही अपमान वाटत नाही. आपली पाळी येणार हे त्याला ठाऊक असते.

मग मोटार आली. मोटार वाहनांचे कायदे १९१४, १९३९ आणि १९८८ साली झाले. १ जून १९४८ रोजी पहिली एस.टी. पुणे-नगर मार्गावर धावली, आणि पुढे शहापूर व मुरबाड येथे आगारे झाली. १९८९ साली रस्त्यावरच्या वागणुकीचे जे नियम केले त्यात घाटाविषयी एक कलम होते: रस्ता अरुंद असेल तेथे उतरणाऱ्या गाडीने बाजूला थांबून चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यावे. श्रोतेहो, ही आपली भरल्या गाडीचीच रीत झाली! ज्याला पुन्हा चढ घेणे अवघड, त्याला मान. २०१७ साली त्या नियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली; पण माळशेजच्या वळणावर जुना एस.टी. चालक आजही ही रीत पाळतो, कारण ती त्याच्या अंगात मुरलेली आहे.

आता आजच्या रस्त्यावर येऊ. माजिवडे ते वडपे रस्त्याच्या रुंदीकरणात वर्षे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी जुना कसारा घाट काही दिवस दिवसाच्या वेळी बंद ठेवून वाहने नव्या घाटाकडे वळविली गेली. शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्त्याचे काँक्रीटीकरण झाले तेव्हा एक बाजू उकरलेली आणि दुसरीवर दोन्हींकडची वाहतूक, हे दृश्य किन्हवली-सरळगावच्या लोकांनी पुष्कळ पाहिले. अशा ठिकाणी काय घडते ते सर्वांना ठाऊक आहे. दुरून पाटी दिसते, ‘पुढे काम चालू आहे’. सरळ मनाचा चालक तेथेच चालू मार्गिकेत शिरतो. अशांची रांग मैलभर होते आणि बंद होणारी मार्गिका शेवटपर्यंत मोकळी राहते. मग एखादा त्या मोकळ्या बाजूने पुढे येतो. रांगेतल्याला वाटते, हा आपला हक्क चोरतो आहे. तो पुढच्या गाडीला बंपर भिडवून फट बुजवितो. पुढे आलेल्याला वाटते, रस्ता मोकळा होता, मग आपण काय गुन्हा केला? तो बोनेट आत घालतो. तिसरा साईडपट्टीवर उतरतो, चौथा समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जातो, आणि अर्ध्या तासाची कोंडी तीन तासांची होते.

यात गंमत अशी की दोघांनाही आपण न्यायाने वागलो असे वाटते, आणि नियम ठरलेला नसल्यामुळे दोघांनाही खोटे ठरविता येत नाही.

यामागचे गणित साधे आहे. तोंड एका गाडीचे असेल तर त्यातून ठराविकच गाड्या बाहेर पडतील. हॉर्न वाजवून तोंड रुंद होत नाही. उलट एकाने मुसंडी मारली की दुसरा जोराने ब्रेक दाबतो, त्याच्या मागचा अधिक जोराने, आणि ही थांबण्याची लाट मैलभर मागे जाते. मार्गिका दोन असून रांग एकीतच लावली तर रांगेची लांबी दुप्पट होते आणि तिचे शेपूट मागच्या नाक्यापर्यंत जाऊन तो नाकाही बंद पाडते. म्हणून जर्मनी आणि ऑस्ट्रिया या देशांनी कायद्यातच पद्धत घालून दिली: दोन्ही मार्गिका शेवटपर्यंत वापराव्या, आणि तोंडाशी एक गाडी या बाजूची, एक त्या बाजूची, अशा आळीपाळीने जाव्या. पिशवीच्या चेनचे दात जसे एकाआड एक बसतात तसे. जर्मन भाषेत या पद्धतीचे नावच चेनवरून पडले आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याचे वाहतूक खाते सांगते की, या पद्धतीने रांगेची लांबी चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. वाहतूक विरळ आणि वेगाची असेल तेव्हा मात्र वेळीच, इशारा देऊन मार्गिका बदलणे बरे; चेनची पद्धत आहे ती तुंबलेल्या, संथ रांगेसाठी.

ही पद्धत आपल्याकडे रुजणार नाही असे म्हणणाऱ्यांना आम्ही आसनगाव स्टेशनाबाहेर किंवा मुरबाडच्या स्टँडावर नेऊ इच्छितो. तेथे रिक्षा आणि जीप ‘नंबराने’ लागतात. ज्याचा नंबर त्याचे प्रवासी. मागच्याने मध्येच प्रवासी उचलले तर सारा स्टँड त्याला जाब विचारतो. हाच जीपवाला तासाभराने महामार्गावर बोनेट घुसवितो. माणूस तोच. फरक इतकाच की स्टँडावर पाळी सर्वांनी मिळून ठरविलेली आहे आणि ती मोडली तर विचारणारे आहेत. महामार्गावर पाळी कोणी ठरविली नाही आणि विचारणाराही कोणी नाही.

कामगार चळवळीत हा धडा आम्ही फार पूर्वी शिकलो. मुंबई बंदरात एके काळी रोजंदारीचा कामगार पहाटे जाऊन उभा राही आणि टोळीवाला ज्याच्याकडे बोट दाखवील त्यालाच काम मिळे. दुसऱ्याला पुढे जाऊ देणारा सज्जन संध्याकाळी उपाशी परते. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला, १९५१ साली मुंबईसाठी योजना आली, नावे नोंदली गेली आणि काम पाळीने मिळू लागले. त्या दिवसापासून गोदीत ढकलाढकली कमी झाली ती कामगार एका रात्रीत सुसंस्कृत झाले म्हणून झाली नाही. सौजन्याने वागून पोटाला चिमटा बसेनासा झाला, म्हणून झाली.

रस्त्यावर हा चिमटा कोणाला बसतो तेही पाहिले पाहिजे. ट्रकचालकाचे पैसे खेपेवर ठरलेले असतात. एक खेप बुडाली तर मालकाचा नफा थोडा घटतो, पण चालकाची चूल विझते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास कामाची मर्यादा घातली. पुढे तो कायदा २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. कागदावरचे हे तास खेपेच्या हिशेबात किती चालकांच्या वाट्याला आले, हे त्यांच्या तांबारलेल्या डोळ्यांना विचारावे. ज्याला थांबणे परवडत नाही त्याला थांबण्याचा उपदेश करणे सोपे असते. ट्रकमागची ‘हॉर्न ओके प्लीज’ ही अक्षरे २०१५ साली महाराष्ट्र सरकारने बंद केली. पाटी पुसली गेली, घाई तशीच राहिली.

आणि या घाईची किंमत तिसराच कोणी देतो. शहापूरहून ठाण्याकडे निघालेल्या रुग्णवाहिकेत अडलेली बाळंतीण असते. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. पण बंपराला बंपर भिडलेल्या रांगेत वाट देण्याची इच्छा असलेलाही हलू शकत नाही. एकाआड एक चालणाऱ्या रांगेत गाड्यांमध्ये अंतर राहते, आणि त्या अंतरातूनच रुग्णवाहिकेला वाट निघते.

दुसरा किंमत देणारा म्हणजे बॅरिकेडजवळ झेंडी घेऊन उभा असलेला कामगार. पुष्कळदा तो याच तालुक्यांतल्या एखाद्या पाड्यावरचा, ठेकेदाराकडे रोजाने लागलेला असतो. सावली नाही, पाण्याची सोय नाही. साईडपट्टीवर उतरलेली गाडी प्रथम त्याच्याच अंगावर येते. रस्ते बांधताना माणसे मरतात हे शहापूर तालुक्याला सांगावयास नको. ३१ जुलै २०२३ च्या रात्री सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता गर्डर बसविणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण प्राणास मुकले. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, आणि त्यांनी बांधलेल्या मार्गावरून आता वेगाने गाड्या जातात. त्या वेगाला वीस घरांची किंमत पडलेली आहे.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. जेथे मार्गिका बंद होईल तेथे ‘पुढे काम चालू आहे’ एवढ्यावर न थांबता, ‘दोन्ही मार्गिका वापरा, तोंडाशी एक इकडची, एक तिकडची’ अशी मराठी पाटी ठेकेदाराने आधी एकदा आणि तोंडाशी पुन्हा लावावी. दोन दिशांना एकच पट्टा असेल तेथे दोन्ही टोकांना झेंडीवाले असावेत, त्यांना एकमेकांशी बोलता यावे, आणि झेंडीवाल्याला टोपी, पाणी, सावली व आठ तासांची पाळी मिळावी. पोलिसांनी दंड करावा तो साईडपट्टीवर आणि उलट्या बाजूला घुसणाऱ्यास. एस.टी. आगारांतल्या संघटनांनी व स्टँडवाल्यांनी आपापल्या चालकांत ही रीत बोलून ठरवावी. नंबर लावणे त्यांना कोणी शिकवावयास नको. आणि मालकांनी कोंडीत गेलेल्या वेळेचा भार चालकाच्या खेपेतून वजा करू नये.

येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांची स्वतःची गाडी आहे. पाटी लागेपर्यंत थांबण्याचे त्यांना कारण नाही. तोंडाशी आलात की शेजारच्या रांगेतली एक गाडी पुढे जाऊ द्या. दोन नको, एकच. मग आपली गाडी घाला. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. त्याच्याही पुढे एक गाडी जाईल आणि मग त्याची पाळी येईल, हे त्याला तोंडाशी आल्यावर कळेल.