शिकारमहालातला अशोकस्तंभ

दिल्लीतील हिंदूराव परिसराला बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचे नाव लाभले. तेथील अशोकस्तंभ १४व्या शतकात फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणून आपल्या शिकारमहालात उभारला. टोपऱ्याचा दुसरा स्तंभ हलवण्यास त्याने ४२ चाकांचा गाडा आणि नौका वापरल्या होत्या. तंत्र अव्वल, लेख वाचू शकणारा मात्र कोणी सापडला नाही. लोकांच्या लेखी ती भीमाची काठी! १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली, तेव्हा कळले, की या आज्ञालेखांत पशुपक्ष्यांच्या हत्येवर निर्बंध आहेत. पण तोवर शिकारमहाल ओस पडला होता आणि फर्रुखसियरच्या काळातील स्फोटात स्तंभाचे पाच तुकडे झाले होते. ते जोडून १८६७ साली तो पुन्हा उभारण्यात आला.