साती आसरा, ग्रीक निम्फ आणि वरळीचे पाणी

प्राचीन ग्रीकांच्या धर्मविश्वात ऑलिम्पस पर्वतावरील मोठ्या देवांच्या खालोखाल, परंतु माणसाच्या नित्य व्यवहाराला त्यांच्यापेक्षा जवळ असलेल्या तरुण स्त्रीदेवतांचा एक विस्तीर्ण परिवार होता, आणि झरा, डोंगर, झाड, लाट अशा एकेका ठिकाणाशी बांधलेल्या या देवतांना निम्फ असे नाव होते. झऱ्यांत व ओढ्यांत राहणाऱ्या त्या नायड, डोंगरातल्या ओरिअड, झाडांतल्या ड्रायड, आणि नेरिउस या वृद्ध सागरदेवाच्या पन्नास मुली त्या खाऱ्या पाण्यातल्या नेरीड, अशी त्यांची ढोबळ वर्गवारी केली जाते. ट्रोजन युद्धातील अकिलीसची आई थेटिस ही या पन्नासांपैकीच एक. अशा देवता मुंबईत शोधायच्या तर माहीमच्या उपसागराच्या तोंडाशी वसलेल्या वरळी कोळीवाड्यात त्या लाटांमध्येच भेटतील, असे वाटणे साहजिक आहे. तसे मात्र होत नाही.

कोळ्यांचा समुद्र हा दर्या आहे, आणि श्रावणातल्या नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून त्याला शांत होण्याची विनवणी केली जाते ती एखाद्या राजाला करावी तशी. त्याच्या पोटी जलकन्यांचा मेळा असल्याची कल्पना या पूजेत नाही. कोळीवाड्याची गोल्फादेवीही पाण्यात नसून टेकडीवर आहे. साकबादेवी आणि हरबादेवी यांच्यासह तिथे बसलेल्या या देवीला कौल लावला जातो, म्हणजे एखाद्या कामाविषयी देवीचा होकार की नकार हे मूर्तीवर ठेवलेली खूण कोणत्या बाजूने पडते यावरून ओळखले जाते. तिचे स्थान गावदेवीचे, सल्ला देणारीचे, निम्फेचे नव्हे. ग्रीकांच्या नायडशी ज्यांचे खरे साम्य आहे त्या देवता महाराष्ट्रात गोड्या पाण्याच्या काठी, नदीच्या डोहाशी, तळ्याशी आणि विहिरीशी सापडतात, आणि त्यांना साती आसरा म्हणतात.

आसरा हे अप्सरा या शब्दाचेच लोकरूप मानले जाते, परंतु इंद्रसभेतील नर्तकींचा थाट या सात बहिणींना नाही. पाण्याच्या कडेला ओळीने मांडलेले, शेंदूर किंवा हळद-कुंकू लावलेले सात दगड एवढीच बहुधा त्यांची मूर्ती, आणि पुष्कळ ठिकाणी जवळच म्हसोबाचा आणखी एक दगड राखणदार म्हणून असतो. त्यांच्या नावांच्या याद्या प्रदेशागणिक बदलतात. मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी ही त्यांतली नावे अनुक्रमे मासा, कासव, खेकडा, बेडूक आणि मगर यांवरून आलेली असल्याने पाण्यातल्या जिवांशी असलेले त्यांचे नाते उघड होते. त्यांची ओटी खणानारळाने भरतात, हिरव्या बांगड्या वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. ऐन दुपारी एकट्याने डोहावर जाऊ नये, नव्या नवरीने आणि बाळंतिणीने तर नाहीच, कारण आसरा धरतात, हा समज सर्वदूर आढळतो, आणि अशा धरलेल्या माणसाच्या आजाराला ‘आसरांची बाधा’ म्हणतात.

दुपारच्या या धोक्याला ग्रीक कथांत नेमका जोड सापडतो, कारण कॅलिमॅकस या कवीच्या सूक्तात टिरेसियसची दृष्टी जाते ती डोंगरातल्या निवांत दुपारी, झऱ्यावर स्नान करणारी अथेना देवी त्याच्या नजरेस पडल्यामुळे. हायलस हा देखणा तरुण तर पाणी भरायला वाकला असता झऱ्यातल्या निम्फांनीच त्याला आत ओढून नेले. निम्फांनी पछाडलेल्या माणसासाठी ग्रीकांत स्वतंत्र संज्ञा होती. इ.स.पू. 5व्या शतकात अथेन्सजवळच्या वारी येथील गुहेत आर्किडेमॉस नावाच्या माणसाने कोरीवकाम करून ती निम्फांना अर्पण केली, आणि तिथल्या लेखात तो स्वतःला याच संज्ञेने अभिमानाने ओळखवतो. मराठी मुलखात आसरांची बाधा उतरवून घ्यायची असते, ती मिरवायची नसते. हा भेद लहान वाटला तरी त्याचे मूळ खोल आहे.

ग्रीक निम्फ ही निसर्गातच जन्मलेली असते, ती कधी मेलेली माणूस नव्हती. आसरांबाबत मात्र दोन समजुती शेजारी शेजारी नांदतात: एकीनुसार त्या मूळच्याच देवता, तर दुसरीनुसार पाण्यात जीव दिलेल्या किंवा बुडालेल्या स्त्रियांचे ते आत्मे. ए. एम. टी. जॅक्सन या नाशिकच्या कलेक्टराने जमवलेली आणि 1909मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्याचा वध केल्यानंतर आर. ई. एन्थोवेन याने संपादून छापलेली कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे पाहिली, तर पाण्यातल्या गिऱ्ह्यापासून जखिणीपर्यंत बहुतेक भुतांना असाच मानवी मृत्यू चिकटलेला दिसतो. झाडांचेही तेच. हॅमाड्रायड ही निम्फ म्हणजे त्या झाडाचा प्राणच असल्याने झाड तोडताच ती मरते, तर पिंपळावरचा मुंजा, म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंजीआधी वारलेला मुलगा, हा त्या झाडाचा केवळ भाडेकरू असतो. गावोगावच्या विहिरींनी किती सासुरवाशिणींचा शेवट पाहिला हे ध्यानात घेतले, तर काठावरच्या सात दगडांना वाहिलेल्या हिरव्या बांगड्यांत भक्तीबरोबर थोडी भरपाईही असावी, असे म्हणण्यास जागा आहे.

वरळीच्या इतिहासात पाण्यातल्या देवतेची सर्वांत प्रसिद्ध कथा घडते ती मात्र खाऱ्या पाण्यात, आणि तीही पाणी हटवण्याच्या निमित्ताने. वरळी हे मुंबईच्या सात बेटांपैकी एक, आणि ते व मुंबईचे मुख्य बेट यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी थेट भायखळ्याच्या सखल भागापर्यंत घुसत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या पुढाकाराने 18व्या शतकाच्या अखेरच्या दशकांत तिथे बांध घालण्यात आला. तोच हॉर्नबी वेलार्ड. बांध पुन्हा पुन्हा ढासळत असता रामजी शिवजी या पाठारे प्रभू कंत्राटदाराच्या स्वप्नात देवी आली, तिच्या सांगण्यानुसार वरळीच्या खाडीतून महालक्ष्मी, महाकाली व महासरस्वती यांच्या मूर्ती काढण्यात आल्या आणि मग बांध टिकला, अशी ही कथा. ग्रीक झऱ्याचे पाणी आटले तर त्याची नायडही संपते, परंतु येथे पाणी बुजवण्याची परवानगी देवीच देते, तीही स्वतः पाण्याबाहेर येऊन देवळात बसण्याच्या अटीवर.

गोड्या पाण्याच्या वाट्याला अशी सोयीची कथा आली नाही. 1860मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात येईपर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती, आणि पुढे त्याच विहिरी हिवतापाचा डास वाढवतात असे डॉ. बेंटली यांच्या 1911च्या अहवालात दिसून आल्यावर महापालिकेने त्या बुजवण्याचा किंवा झाकण्याचा धडाका लावला. विहिरीत वास करणाऱ्या शक्तीचा कोप होईल, झाकण घालायचेच तर निदान तिला ये-जा करता येईल असे दार त्यात ठेवावे, अशा विनवण्या हिंदूंप्रमाणेच पारशी घरमालकांकडूनही आल्या. महापालिकेच्याच सेवेत असलेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांनी हा सारा ऐवज 1918च्या आपल्या विहिरींच्या लोककथांवरील इंग्रजी पुस्तकात युरोपातील जलपूजेशेजारी मांडला. डासनिर्मूलनाच्या कागदपत्रांतून लोकधर्माचा ग्रंथ निघावा, हे मुंबईतच शक्य होते.

वरळीच्या कोळ्यांचा जलमातांशी असलेला सर्वांत जुना धागा कदाचित शहराबाहेर, घाटावर आहे. मुंबईच्या कोळ्यांची कुलदेवता एकवीरा ही लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दाराशीच आहे आणि चैत्रात तिच्या यात्रेला कोळीवाडे लोटतात. दा. ध. कोसंबी यांनी 1962च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात कार्ल्याच्या सातवाहनकालीन लेखातील ‘मामाल’ या प्रदेशनामाचा, म्हणजे आजच्या मावळाचा, संबंध तिथल्या ‘मावळाया’ या देवतांशी जोडला आहे. मावळाया या नेहमी अनेकवचनी असलेल्या, पाण्याकाठी बिनआकाराच्या दगडांच्या रूपात पुजल्या जाणाऱ्या माता असून अन्यत्र ज्यांना साती आसरा म्हणतात त्याच त्या, असे त्यांचे मत होते.